पालथ्या भांड्यातली प्रार्थना

माझ्या पत्नीची दृष्टी काचबिंदूने गेली, तेव्हापासून दुपारचे वाचन हे माझ्या नित्यकर्मांपैकी एक झाले आहे. सकाळची संध्या आणि पूजा माझ्यासाठी, दुपारचे वाचन तिच्यासाठी. प्रारंभी मी तिला पुराणांतील कथाच वाचून दाखवीत असे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुमच्या या सगळ्यांना शेवटी न्यायला विमान येतं. ज्यांना विमान येत नाही, अशा कुणाची तरी गोष्ट वाचा ना."

म्हणून मुलीने पाठवलेल्या पुस्तकांच्या खोक्यातून मी एक जुनी अमेरिकन कादंबरी काढली. गुलामगिरीची प्रथा चालू असतानाच तिच्याविरुद्ध लिहिलेली. पुस्तक इंग्रजीत, आणि पत्नीला गोष्ट ऐकायची ती मराठीतच. तेव्हा डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे, असा क्रम सुरू झाला.

कादंबरी एका प्रौढ गुलाम स्त्रीची. तिकडे सगळा कापूसच असेल अशी माझी कल्पना होती. पण ही स्त्री राबत होती भाताच्या खाचरांत, गुडघाभर पाण्यात. तिची मुले एकेक करून विकली गेली होती. तरी देवावरचा तिचा विश्वास तसूभर ढळला नव्हता. मळ्यावर गुलामांनी एकत्र जमून प्रार्थना करण्यास बंदी होती. म्हणून ती माणसे झोपडीच्या दारात एक लोखंडी भांडे पालथे घालून ठेवीत. प्रार्थनेचा आवाज त्या भांड्यात मुरतो, धन्याच्या घरापर्यंत जात नाही, अशी त्यांची समजूत होती. हे वाचले त्या दिवशी मला पुढे वाचवेना. मी जन्मभर देवापुढे खणखणीत स्वरात स्तोत्रे म्हटली आहेत. उच्चार स्पष्ट हवा, ऱ्हस्वदीर्घ चुकता कामा नये, एवढीच माझी काळजी. देवाचे नाव घेताना कोणाला ऐकू जाऊ नये याची काळजी मला कधी करावी लागली नव्हती.

हे वाचन माजघरात चाले, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचे हात चालू असत. त्या लांज्याच्या आतल्या एका वाडीतल्या, लग्न होऊन रत्नागिरीत आलेल्या. तोंडाने तिखट आणि मनाने फार सरळ. पौषात त्यांची धाकटी बहीण त्यांच्याकडे राहायला आली. तिला माहेर-सासर एकाच गावात. नवरा मुंबईला कंपनीत होता, ती कंपनी बंद पडल्यावर गावी परतला होता. धाकटीच्या डाव्या हाताचे कोपर सुजलेले होते.

"पायरीवरनं पडले," ती म्हणाली.

"व्हय," थोरली भाकरी थापता थापता म्हणाली, "तिच्या घरची पायरी लय तापट हाये."

धाकटी बहिणीबरोबर आमच्याकडे येऊ लागली. विळीवर नारळ खोवीत किंवा तांदूळ निवडीत ती माजघराच्या उंबऱ्याशी बसे. ती ऐकते आहे की नाही, हे मला पहिले कित्येक दिवस कळलेच नाही. भाताच्या खाचरांचा उल्लेख आला की तिचा हात किंचित थांबे, एवढे मात्र दिसे.

इथे मला शब्दांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यांतूनच घडले. 'गुलाम' हा शब्द मी पहिल्या दिवशी वापरला, तेव्हा पत्नी हसली. म्हणाली, "मला आपला पत्त्यांतला मिशीवाला गुलाम दिसतो." आपल्या जुन्या कागदांत विकत घेतलेल्या बाईला एक शब्द आहे: कुणबीण. तो ओठांवर आला आणि मी गिळला. कारण स्वयंपाकघरातल्या बाई आपली जात त्याच शब्दाने सांगतात. शेवटी मी संस्कृताच्या आश्रयाला गेलो आणि 'दासी' म्हणू लागलो. तिला विकत घेणारा जो, तो 'धनी'. दोन्ही शब्द मला भारदस्त वाटले. भाषांतर साधले म्हणून मी मनातल्या मनात थोडा प्रसन्नही होतो.

माघ संपत आला होता. कादंबरीत असे प्रकरण आले की, धनी त्या दासीला देवाचे नाव टाकायला सांगतो, ती नकार देते, आणि तिला चाबकाने फोडून काढतात. मार खाताना ती एवढेच म्हणते की, देवा, तू पाहतो आहेस ना, मग पुरे. माझे डोळे भरून आले. पुस्तक मिटून मी म्हणालो, "निष्ठा म्हणावी ती ही. एवढे सोसले, पण तक्रारीचा एक शब्द नाही."

उंबऱ्यातून धाकटीचा आवाज आला. ती आमच्या वाचनात प्रथमच बोलत होती.

"गुरुजी, ता भांडं आवाज खरंच खातं काय?"

"त्यांची तशी समजूत होती, बाय."

"आमच्याकडं भांडं नाय," ती तांदळातला खडा वेचीत म्हणाली. "आमच्याकडं टीव्ही मोठा करतात."

स्वयंपाकघरातली पोळपाट-लाटण्याची लय थांबली. पत्नीने आपला हात चाचपत पुढे केला, पण धाकटी तोवर तांदळाचे सूप घेऊन उठली होती.

त्यानंतर चारच दिवसांत तिच्या नवऱ्याचा फोन आला. शिमगा तोंडावर आला होता. आमच्या जिल्ह्यात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. वर्षातून एकदा देव आपल्या अंगणात येतो. त्या दिवशी घरच्या सुवासिनीने देवीची ओटी भरायची असते. मुंबईचे चाकरमानी नोकरी सोडून येतील, पण पालखी चुकवणार नाहीत. "पालखी दारात येल आणि घरात सवाष्ण नसेल तर गाव काय म्हनेल," असे तो बोलला होता. तेवढेच बोलला होता, आवाज न चढवता.

थोरली संतापाने लाल झाली होती. "तुम्ही सांगा हिला, गुरुजी. माझा ऐकत नाय. जाते म्हनते. ओटी भरायला नाय, ऱ्हायला जाते म्हनते."

मी धाकटीकडे पाहिले. ती सरळ माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती. त्या शांतीचीच मला भीती वाटली.

"तुमीच वाचलात ना," ती म्हणाली. "ती दासी काय धन्याला सोडून गेली? मुलं गेली, मार खाल्लान, तरी ऱ्हायली. देव बघतो म्हनाली. तुमच्या डोळ्यांत पानी आलं. मग मी कशी जाऊ सोडून?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळले. धनी! घरधनी. तिच्या वाडीतल्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. 'आमचे धनी' म्हणतात. आणि दासी? आपण सगळेच जुन्या वळणाच्या पत्रांत, ओव्यांत, उखाण्यांत बायकोला नवऱ्याच्या चरणांची दासी करून ठेवत आलो आहोत. इतके दिवस तिने ऐकली ती एका बायकोची आणि तिच्या नवऱ्याची गोष्ट. नवरा मारतो, मुले दुसऱ्याच्या घरी धाडतो, आणि बायको देवावर भार टाकून राहते. तिच्या त्या राहण्याला एक म्हातारा पंडित डोळे पुसत 'निष्ठा' म्हणतो.

"अगं बाय, तसे नव्हे," एवढेच मी म्हणू शकलो. तेवढ्यात थोरलीच्या पुढच्या घरची वेळ झाली आणि दोघी निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी कादंबरीचा उरलेला भाग एकट्याने वाचून काढला. मला शेवट पाहायचा होता. शेवट मला वाटले त्याहून वाईट होता. ती स्त्री मरते. जखमा चिघळून, झोपडीच्या जमिनीवर, धन्याला क्षमा करीत मरते. आणि लेखकाने तिच्या मृत्यूला जणू आरतीचे तेज दिले आहे. ते पान इतके सुंदर होते की मला त्याचा राग आला. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. वाचणाऱ्याच्या मनाला पाझर फुटावा, त्याने उठून ती प्रथा मोडावी, एवढ्यासाठी त्याने तिला सोसायला लावले होते. पण ते पुस्तक धन्याच्या जातकुळीच्या लोकांनी वाचावे म्हणून लिहिलेले होते. दासीने ऐकावे म्हणून नव्हे.

आणि उद्या दुपारी उंबऱ्यात ती ऐकायला बसणार होती.

शेवट बदलावा का? वाचता वाचता मी मराठी करतो आहे. तिला कोण सांगणार? नदी ओलांडून ती पळून गेली, असे चार वाक्यांत सांगून टाकता आले असते. पण ज्या घरात मी वाढलो, तिथे ग्रंथातली एक मात्रा बदलणे म्हणजे पातक. पाठ चुकला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा, अशी शिस्त. तो संस्कार आता कसा पुसावा? आणि खोट्या शेवटावर विसंबून ती जर काही ठरवणार असेल, तर ते तरी तिच्या किती कामाचे?

दुसऱ्या दिवशी मी घसा बसल्याचे सांगून वाचन टाळले. तिसऱ्या दिवशीही टाळले.

"घसा नाही बसलेला तुमचा," पत्नी म्हणाली. "सकाळी स्तोत्र चांगलं वाड्याबाहेर ऐकू जात होतं. काय आहे त्या पुढच्या पानांत?"

मी तिला सांगितले. तिने आपल्या पदराचा काठ बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "शेवटाला हात लावू नका. पण तुमची ती दासी आणि धनी आधी गोष्टीतून बाहेर काढा. त्या दोघांनी घोटाळा केलाय. आणि हो, 'तक्रारीचा एक शब्द नाही' हे पुस्तकात होतं की तुमचं?"

"माझे."

"तेही काढा."

चौथ्या दिवशी दुपारी मी पुस्तक न उघडताच बोलायला बसलो. दोघी बहिणींना मी सांगितले की, त्या गोष्टीतला धनी हा त्या बाईचा नवरा नाही. त्याने तिला बाजारात विकत घेतले होते, दात तपासून, बैल घेतात तसे. ती राहिली ती निष्ठेने नव्हे. पळाली तर माग काढायला कुत्री सोडत, म्हणून. तिची निष्ठा फक्त देवावर होती. "मी शब्द चुकीचे घेतले," मी म्हणालो. "आपल्याकडेही पूर्वी बायका अशा विकत घेत. जुन्या कागदांत त्यांना कुणबीण म्हटले आहे. तो शब्द तुमच्यासमोर वापरायला मी भ्यालो."

थोरलीने कणीक मळायची थांबवली. "म्हंजे आमीच की," ती म्हणाली. "आनी विकत घेनारे कोन? ता पन हाये काय कागदांत?"

"आहे," मी म्हणालो. "त्यात आमच्यासारख्यांची घरे आहेत."

"बरा झाला, सांगितलात," ती म्हणाली आणि पुन्हा कणकेकडे वळली. तिच्या मुठी जरा जोराने चालत होत्या.

धाकटी खाली मान घालून बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "मग तिनं देवाला सांगितलान का नाय?"

"सांगते की. रोज प्रार्थना करते."

"ती प्रार्थना झाली. गाऱ्हानं कुठं घातलान?"

गाऱ्हाणे! रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाला हे सांगायला नको. आमचे ग्रामदेव काही स्तुतीवर जगणारे देव नव्हेत. त्यांच्यापुढे गाऱ्हाणे घालतात, मोठ्याने, चारचौघांत. मानकरी किंवा गुरव उभा राहून एकेक अडचण सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसे एका सुरात 'होय महाराजा' म्हणतात. माझ्या स्तोत्रांत तक्रारीला जागा नाही; पण ज्या देवापुढे ही मुलगी वाढली, त्याच्याशी बोलण्याची रीतच तक्रारीची होती.

"तिला मोठ्याने बोलायची मुभाच नव्हती, बाय," मी म्हणालो. "म्हणून तर ते भांडे."

आणखी दोन दिवसांनी थोरलीने सुट्टी मागितली. धाकटी पालखीला जाणार होती. थोरली तिच्याबरोबर जात होती. "ओटी भरून येतो," थोरली म्हणाली. धाकटीने 'येते' की 'जाते' म्हटले, ते मला नीट ऐकू आले नाही. त्यावर मी पुढचे सगळे दिवस विचार करीत राहिलो.

पालखीच्या दिवशी माझे पूजेत मन नव्हते. त्या वाडीत फोनला रेंज नसते. सोबतीला दोन पुरुष द्यायला हवे होते, असे एकदा वाटे. आपण कोण त्यात पडणारे, असे दुसऱ्यांदा. मनाला गुंतवण्यासाठी मी पत्नीला सांगू लागलो की, 'सहन' या शब्दातला जो धातू आहे, त्याचा जुना अर्थ सोसणे असा नव्हेच. वेदांत तो जिंकण्याला, शत्रूला नमवण्याला येतो, आणि आपले 'साहस'ही त्याच घरातले.

"धातू राहू द्या," ती म्हणाली. "फोन लावा."

लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. लांज्याहून येणारी एस.टी. स्टँडवर केव्हा लागते ते मी रिक्षावाल्याला विचारून आलो आणि उगीच अंगणाच्या कुंपणाला घातलेल्या चिऱ्याच्या गडग्यापाशी उभा राहिलो. आंब्याला बारीक कैऱ्या धरल्या होत्या. वाऱ्याने एखादी गळून पडली की मी दचकून फाटकाकडे पाही. आत पत्नी जप करीत होती. पण फाटक वाजले की तिची माळ थांबते, हे मला खिडकीतून दिसत होते.

तिसऱ्या प्रहरी फाटक खरेच वाजले. आधी थोरली आली. तिच्यामागे कोणी नाही असे मला वाटले. मग धाकटी दिसली. ती फाटकाची कडी लावत होती.

थोरलीने पिशवी खाली ठेवायच्या आतच सांगायला सुरुवात केली. "काकू, काय सांगू तुम्हाला! पालखी अंगनात टेकली. हिनं ओटी भरली. मानकऱ्यानं नेहमीचं गाऱ्हानं घातलान, ह्या घराची भरभराट कर, पोराबाळांना सुखी ठेव. सगळी म्हनतायत, होय महाराजा, होय महाराजा. तो थांबला तशी ही पुढं झाली. मानकरी म्हनतो, बायकांनी गाऱ्हानं घालायची रीत नाय. हिनं त्याच्याकडं बघितलान पन नाय."

"काय म्हणालीस गं?" पत्नीने हवेत विचारले.

धाकटीने पदराने तोंड पुसले. ती सांगेना. थोरलीच म्हणाली, "म्हनाली, देवा महाराजा, तुझी लेक सासरी मार खाते! आनी सवयीनं सगळी वाडी ओरडली, होय महाराजा! टीव्ही मोठा करतात नि मारतात! होय महाराजा! आता मी ऱ्हानार नाय! होय महाराजा! ढोल बंद पडले, काकू. आनी तो," थोरलीला हसू आवरेना आणि डोळेही वाहू लागले, "तो तिथंच हात जोडून उभा. लहानपनापासनं बोलतोय ना, त्याच्या तोंडनं पन गेला, होय महाराजा!"

पत्नी हसू लागली. मग हसता हसता तिने हात पुढे केला, आणि या वेळी धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली.

"मग?" मी विचारले. माझा आवाज मलाच घाबरा वाटला. "तो येईल ना मागे?"

"येल पन," धाकटी म्हणाली. "आता गावानं होय म्हटलंय. सासू बोलली, ऱ्हा. मी बोल्ले, देवाला सांगितलंय." तिने पिशवीतून ओटीतला प्रसादाचा नारळ काढून देवघराच्या पाटावर ठेवला. ती घाबरलेली होती, आमच्या दोघांहून अधिक घाबरलेली.

मग ती आपल्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी जाऊन बसली. "गुरुजी, पुढचं वाचा. किती दिवस ऱ्हायलंय."

"शेवट चांगला नाही, बाय."

"मेली काय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"वाचा."

मी पुस्तक उघडले. काही न गाळता, काही न बदलता वाचू लागलो. धन्याच्या जागी 'विकत घेणारा' म्हणत गेलो. वाक्य दर वेळी ठेचकाळत होते, ते तसेच ठेवले. झोपडी आली, जमीन आली, दारातले पालथे भांडे आले. ती शेवटची प्रार्थना करू लागली, आणि मरणाच्या प्रसंगी वाचावे तसा माझा स्वर आपसूक खाली गेला.

"गुरुजी," उंबऱ्यातून आवाज आला, "मोठ्यानं वाचा. हितं ऐकू येत नाय."

मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतले, मोठ्याने.